दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा भारी निघालं, आणि गोष्ट आहे पहिल्याच्या आधीची

पहिलं पुस्तक मला ठीकठाक वाटलेलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ही फॅनच आहे, हिला काय सगळंच आवडतं. ट्रॅव्हिस बॅल्ड्रीचं 'लेजंड्स अँड लाटेज' संपवलं तेव्हा माझं मत असं होतं की गोड आहे, पटकन वाचून होतं, आणि महिन्याभराने कोणी विचारलं तर त्यातलं एक भलंमोठं मांजर आणि दालचिनीचे रोल एवढंच आठवेल. झालंही तसंच. त्यामुळे 'बुकशॉप्स अँड बोनडस्ट' आलं तेव्हा मी ते घेतलंच नाही, म्हटलं राहू दे, गोड एकदा खाल्लं की बास. मग ताईने वाचलं आणि ती माझ्या मागेच लागली, आणि तिचं लॉजिक काय तर "अगं तुला पहिलं आवडलं नाही ना, मग हे नक्की आवडेल". असं कसं असतं? पण बरोबर निघाली ती, आणि का बरोबर निघाली ते मला नीट लिहून काढायचंय, कारण तिला फोनवर सांगायला गेले तर "मी म्हटलं नव्हतं?" एवढं बोलून ती मोकळी झाली.

आधी एक घोळ निस्तरते. दुसरं म्हणजे दुसरं छापलेलं, २०२३ च्या नोव्हेंबरात आलेलं. पण गोष्ट पहिल्याच्या वीस वर्षं आधीची आहे, म्हणजे प्रीक्वेल. आणि प्रीक्वेल म्हटलं की माझ्या कपाळावर आधीच आठी येते, कारण पुढे काय होणार ते माहीत असतं, कोण जगणार माहीत असतं, मग वाचायचं कशाला? तर या पुस्तकाची सगळी मजा नेमकी तिथेच आहे, पण त्याकडे नंतर येते.

पहिल्या पुस्तकाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुलना कळणार नाही. विव्ह नावाची एक ऑर्क बाई आहे, म्हणजे फॅन्टसीतल्या त्या दांडग्या लढवय्या जमातीतली, चांगली धिप्पाड, आयुष्यभर तलवार चालवून राक्षस मारायची कामं घेतलेली. ती एक दिवस म्हणते झालं तेवढं पुरे, थ्यून नावाच्या शहरात जाऊन एक जुना तबेला विकत घेते आणि तिथे कॉफीचं दुकान काढते. त्या शहरात कॉफी कोणालाच माहीत नाही. बस, एवढीच गोष्ट. कव्हरवरच सांगून टाकलंय, हाय फॅन्टसी आणि लो स्टेक्स, म्हणजे जग तलवारी-चेटकाचं पण जगबुडी वगैरे काही येणार नाहीये, दुकान चालतं की नाही एवढंच बघायचं.

हे पुस्तक ज्या पद्धतीने आलं ते मात्र खरंच भारी आहे. बॅल्ड्री मूळचा गेम्स बनवणारा माणूस, 'टॉर्चलाईट' हा गेम ज्या कंपनीचा तिचा तो एक संस्थापक, नंतर ते सोडून ऑडिओबुकांना आवाज द्यायला लागला आणि इतरांची पुस्तकं अशी वाचून दाखवता दाखवता २०२१ च्या नोव्हेंबरात, ते एका महिन्यात ५०,००० शब्द लिहायचं चॅलेंज असायचं बघा, नॅनोरायमो, त्यात हे पुस्तक लिहून काढलं. २०२२ च्या फेब्रुवारीत स्वतःच छापलं, ते इतकं पसरलं की त्याच वर्षी टॉर या प्रकाशनाने घेऊन परत काढलं, मग नेब्युला आणि ह्यूगो या विज्ञानकथा-फॅन्टसीच्या दोन्ही मोठ्या पुरस्कारांसाठी नामांकन, आणि २०२३ मध्ये नव्या लेखकांसाठीचं अस्टाउंडिंग अवॉर्ड. पहिल्याच पुस्तकाला.

गेम्सचं मुद्दाम सांगितलं, कारण ते कळल्यावर मला पहिलं पुस्तक का खटकलं ते लक्षात आलं. ते पुस्तक दुकान चालवायच्या गेमसारखं चालतं! जागा घेतली, मग सुतार अनलॉक झाला, मग कामाला माणूस अनलॉक झाला, आज कॉफी, उद्या दालचिनीचे रोल, परवा गाणारा मुलगा, तेरवा चॉकलेटवालं काहीतरी. प्रत्येक वेळी विव्हला एक नवीन माणूस भेटतो आणि तो त्याच्या कामात एक नंबर असतो आणि शिवाय स्वभावाने सोनं असतो. थिंबल नावाचा बेकर आहे, उंदरासारखी दिसणारी रॅटकिन जमात आहे त्यातला, तो जेमतेम एखाद-दुसरा शब्द बोलतो आणि पहिल्याच फटक्यात असे रोल बनवतो की रांग लागते. पहिल्याच फटक्यात! एकदा तरी जळू दे की बाबा. गल्लीतल्या गुंडांच्या टोळीचा माणूस हप्ता मागायला येतो, म्हटलं चला आता काहीतरी होईल, तर ते प्रकरण शेवटी दर आठवड्याला बेकरीचा माल पोचवण्यावर मिटतं. हसायला आलं मला, पण थोडं फसवल्यासारखंही वाटलं.

आणि तो दगड. विव्हने एका राक्षसिणीच्या डोक्यातून काढून आणलेला नशिबाचा दगड असतो, तो ती दुकानाच्या फरशीखाली पुरते. मग दुकान चाललं ते तिच्या मेहनतीने की दगडाने? लेखकाने त्याचं उत्तर दिलंय आणि ते गोड उत्तर आहे, पण तिनशे पानं माझ्या डोक्यात हेच फिरत होतं की हिला सगळं आयतं मिळतंय.

आवडलंच नाही असं नाही हां. समोरच्या घरातली म्हातारी लेनी, जी कायम झाडू धरून दारात उभी असते आणि तिचं सगळं लक्ष यांच्या खाण्यावर, ती मला कुठेही वाचायला चालेल. आणि लाटे हे नाव कुठून आलं याचं उत्तर पुस्तकात असं आहे की ते ज्या नोमने (ही फॅन्टसीतली एक बुटकी जमात) शोधून काढलं त्याचं नावच लाटे होतं, असल्या फालतू जोकवर मी पाच मिनिटं हसू शकते. पण मनात रुतलं असं काही नव्हतं, खरंच.

आता दुसरं.

इथे विव्ह विशीत आहे, रॅकम्स रेव्हन्स नावाच्या भाडोत्री लढवय्यांच्या टोळीत नवीन भरती झालेली, आणि अंगात नुसती रग. व्हरीन नावाची एक नेक्रोमॅन्सर आहे, मेलेल्यांना उठवून लढायला लावणारी चेटकीण, तिच्या मागावर ही टोळी असते. विव्ह बाकीच्यांना मागे टाकून पुढे घुसते, शायनिंग मारायला, आणि पायात असा घाव बसतो की उभं राहता येत नाही. मग टोळीचा म्होरक्या रॅकम तिला मर्क नावाच्या समुद्रकाठच्या एका झोपाळू गावात एका खानावळीच्या खोलीवर टाकतो आणि बाकीचे पुढे निघून जातात. बरी झालीस की बघू, आम्ही परत येताना तुला उचलतो. येतील ना पण? हा प्रश्न तिला पहिल्या दिवसापासून खातोय.

आणि तिला तिथे राहायचं नाहीये! एवढ्या एका गोष्टीने सगळं पुस्तक बदललंय. पहिल्या पुस्तकात विव्हला शांत आयुष्य हवं होतं आणि ते तिला मिळत गेलं, ठीक आहे, आनंद आहे, अभिनंदन. इथे तिला शांत आयुष्य म्हणजे शिक्षा वाटतेय. ती कुबडी घेऊन लंगडत गावभर फिरते, कोणाशी धड बोलत नाही, पाय बरा नसताना व्यायाम करायला जाते आणि जखम परत उघडून ठेवते, डॉक्टर ओरडतो, तरी परत तेच. अशा बाईच्या घशात पुस्तकाने आराम कोंबलाय, चमचा चमचा, आणि ती तोंड वाकडं करत करत खातेय, आणि मग आपल्याला दिसतं की हळूहळू तिला चव लागतेय. असल्या उबदार, निवांत गोष्टींना कोझी फॅन्टसी म्हणतात, त्यातलं कोझी म्हणजे काय ते मला पहिल्यांदा इथे कळलं. पहिल्या पुस्तकात सगळेच आधीपासून मऊ होते हो, मऊपणा जाणवणार कसा.

गावात एक पुस्तकांचं दुकान आहे, थिसलबर, आणि ते चालत नाहीये. हे दुकान बॅल्ड्रीने काय लिहिलंय. कुबट वास, जुनाट गालिचा, जागा मिळेल तिथे रचलेले ढीग, आणि पॉटरोस्ट नावाचं एक प्रकरण, ग्रिफेट म्हणतात त्याला, अर्धं घुबड आणि अर्धं बुटकं कुत्रं, जे विव्हवर पहिल्यापासून खार खाऊन असतं. आणि या सगळ्याच्या मध्ये फर्न. रॅटकिनच आहे पण थिंबलच्या बरोबर उलटी, तोंड उघडलं की शिवी. दुकान बापाकडून आलेलं, पुस्तकांवर जीव, विकायचं मात्र जमत नाही, कर्ज वाढतंय, आणि हे सगळं माहीत असूनही ती ढिम्म बसून आहे कारण काय करायचं तेच तिला सुचत नाहीये. मला हे माणूस (म्हणजे उंदीर) लगेच पटलं. पहिल्या पुस्तकात विव्हच्या दुकानात कामाला असलेली टॅन्ड्री मला आवडते, पण टॅन्ड्री कायम शहाणी असते, कायम समजूतदार, तिचं कधी काही चुकतच नाही. फर्न चिडते, रुसते, स्वतःची कीव करत बसते, आणि पुस्तकाबद्दल बोलायला लागली की तिचा चेहरा बदलतो.

विव्ह सांगते की मी फार वाचत वगैरे नाही. फर्न तिला वरपासून खालपर्यंत बघते, दोन-चार प्रश्न विचारते आणि एक पुस्तक हातात देते, तुरुंगातून पळून जाण्याची, तलवारबाजी असलेली गोष्ट. भारदस्त काही नाही, आयुष्य बदलून टाकणारं नाही, नुसतं खिळवून ठेवणारं. आणि विव्हला ते खाली ठेववत नाही. मग दुसरं, मग वेगळ्याच प्रकारचं तिसरं. या काल्पनिक पुस्तकांमधले उतारे पण दिलेत मध्ये मध्ये, प्रत्येकाची भाषा वेगळी, एक मारधाड, एक चावट प्रेमकथा, एक अगदी शब्दबंबाळ, आणि ते लिहिताना लेखकाला मजा आलेली असणार हे कळतंच. मी हे वाचत होते तेव्हा माझी स्वतःची अवस्था अशी की गेल्या काही महिन्यांत एक पुस्तक पूर्ण झालं नव्हतं, चाळीस पानं वाचायची, फोन उचलायचा, मग पुस्तक उशाशी धूळ खात, अशी चार पडलेली. त्यामुळे विव्ह बिछान्यावर पाय वर करून, दुखणं विसरून पानं उलटतेय हे वाचताना मला लक्षात आलं की मीही तासभर फोन बघितलेला नाही. आता यात पुस्तकाचं कौतुक किती आणि माझं किती माहीत नाही, पण तो तास मला आठवतोय.

दुकान सुधारायचं काम इथेही आहे, पहिल्यासारखंच, गालिचा काढा, रंग द्या, गिऱ्हाईक आणा. पण इथे प्रत्येक गोष्ट माणसाशी जोडलेली आहे म्हणून ती गेमसारखी वाटत नाही. पिट्सचंच बघा. गावात हा एक ऑर्क आहे, गाडीवर माल वाहून नेणारा, कमी बोलणारा, आणि विव्हला सुरुवातीला त्याच्याबद्दल जरा तुच्छताच वाटते कारण ऑर्क असून लढत नाही म्हणजे काय. मग ती त्याला एक कवितांचं पुस्तक देते. आणि तो ते वाचतो. झालं, एवढंच, कोणी रडत नाही, कोणी भाषण देत नाही, गाडीवाला कविता वाचतोय. मी ते पान उलटून परत मागे गेले होते. असे प्रसंग पहिल्या पुस्तकात मला हवे होते आणि तिथे त्यांच्या जागी नवीन पदार्थ यायचा.

अजून एक म्हणजे ते पुस्तकं कागदात गुंडाळून विकायची आयडिया. नाव दिसत नाही, लेखक दिसत नाही, वर फक्त दोन-चार शब्द लिहिलेले, त्यावरून घ्यायचं. आता हे खऱ्या जगातल्या दुकानांत पण करतात, नवीन काही नाही, पण इथे ते काम करतं कारण विव्हला स्वतःला तसंच पुस्तक मिळालेलं असतं, नाव-गाव न बघता, कोणीतरी आपल्याकडे बघून उचलून दिलेलं.

आता प्रीक्वेलचं. मेली नावाची एक बेकर आहे, बुटक्या ड्वार्फ जमातीची, गालावर हसू आणि दंडात ताकद, आणि तिने विव्हला पहिल्या भेटीतच हेरलेलं असतं. हिच्या बेकरीतल्या काकवीच्या बन्सचं वर्णन वाचून जे व्हायचं ते होतंच, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की या दोघींचं जे काही सुरू होतं ते टिकणार नाही हे आपल्याला माहीत आहे. आपण पहिलं पुस्तक वाचलंय, वीस वर्षांनी विव्ह कुठे असणार आणि कोणाबरोबर असणार हे आपण बघून आलोय. मेलीचं नाव तिथे नाही. आणि भारी काय, तर मेलीलाही हे माहीत आहे. ती आंधळी नाही, भोळी नाही, ही पोरगी पाय बरा झाला की निघून जाणार हे तिला स्वच्छ दिसतंय, आणि तरी ती म्हणते चल, आहेस तोवर. यात मेलोड्रामा कुठेच नाही, आणि म्हणूनच मला त्यांच्या साध्या साध्या गप्पा वाचताना पण घशात काहीतरी यायचं.

हे फक्त मेलीचं नाही, सगळ्या गावाचंच तसं आहे. दुकान सजतंय, फर्न हसायला लागलीये, पॉटरोस्टने पण शेवटी गुरगुरणं कमी केलंय, आणि प्रत्येक चांगल्या दिवशी विव्हचा पाय थोडा थोडा बरा होतोय. म्हणजे जखम भरतेय तसतशी जायची वेळ जवळ येतेय! पाय बरा होऊ नये असं मला वाटायला लागलं होतं, एवढा दुष्टपणा मी कधी केला नाही. पहिल्या पुस्तकात सुख जमा होत जातं आणि तुम्ही निवांत बसता. इथे तेच सुख हातात येतंय पण उधारीवर, परत द्यायच्या बोलीवर.

सॅचेलबद्दल लिहिलं नाही तर ताई मला सोडणार नाही. एका संशयास्पद माणसाच्या झोळीतून हाडं निघतात आणि त्यांचा एक छोटासा, अत्यंत अदबशीर सांगाडा उभा राहतो, तोच हा. तो व्हरीनचा बांधील आहे, तिच्या मर्जीशिवाय त्याला अस्तित्व नाही, आणि तो दुकानात काय करतो तर झाडलोट करतो, पुस्तकं पुसतो. ऐकायला गोंडस आहे आणि आहेच गोंडस, पण त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला मोकळं व्हायचंय आणि ते कोणाच्या हातात आहे याची त्याला भीती वाटतेय. पुस्तकाच्या नावातलं बोनडस्ट ते हेच.

गॅलिना पण आहे, पहिल्या पुस्तकात जी विव्हची टोळीतली दोस्त म्हणून येते ती, इथे अंगभर सुऱ्या लावून फिरणारी आणि टोळीत घ्या म्हणून मागे लागलेली आगाऊ नोम. यांची दोस्ती कुठून सुरू झाली ते दिसतं, आणि सुरुवातीला विव्हला ती अजिबात नको असते हे बघायला मजा येते.

बरं, आता तक्रारी, कारण आहेत. शेवट. मधली दोनशे-अडीचशे पानं जी चाल होती ती शेवटी एकदम बदलते, व्हरीन येणार येणार म्हणतात ती येते, आणि मग जे व्हायचं ते धडाधड होतं. लढाई वाईट लिहिलेली नाही, पण ती दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकातली वाटते. व्हरीन स्वतः तर अगदीच पुठ्ठ्याची खलनायिका आहे, तिला काय हवंय आणि का हवंय याचा मला पत्ता लागला नाही, भीतीदायक आणि पांढरीफटक एवढंच. पहिल्या पुस्तकातला फेनस निदान जुना ओळखीचा माणूस होता, त्याचा हेवा कळत होता. खलनायकाच्या बाबतीत पहिलं पुस्तक पुढे, हे मान्य करायला पाहिजे.

गावाच्या फाटकावरची अधिकारी आहे, इरिडिया, तिच्याकडे लेखकाने अजून लक्ष द्यायला हवं होतं. ती विव्हवर पहिल्यापासून नजर ठेवून असते आणि तिचं बरोबरच आहे की, एक हत्यारबंद धटिंगण गावात आलीये, कोणीही नजर ठेवेल. पण तिचं काम आडवं येण्यापुरतंच ठेवलंय.

आणि शिव्या. फर्नच्या शिव्या मला आवडल्या, पण पन्नासाव्या शिवीला धार राहत नाही, हे लेखकाला कोणीतरी सांगायला हवं होतं. काही ठिकाणी बोलणं पण फार आजचं वाटतं, म्हणजे तलवारी-चेटकाच्या जगात माणसं अशी बोलतील का, पण हे पहिल्यातही होतंच आणि कोझी फॅन्टसी वाचायला बसलं की हे चालवून घ्यावंच लागतं बहुतेक.

अर्धं मी वाचलं आणि अर्धं ऐकलं. दोन्ही पुस्तकांचं ऑडिओ बॅल्ड्रीने स्वतःच केलंय, आणि ज्याचा धंदाच तो आहे त्याने स्वतःचं पुस्तक वाचणं म्हणजे काय ते ऐकल्यावर कळतं. फर्नच्या शिव्या कानाने ऐकायच्या असतात, मी वर तक्रार केली ती कागदावरची. फक्त सगळ्यांसमोर स्पीकरवर लावू नका, मी लावलं होतं, आणि मग घाईघाईने बंद करायला गेले तर बटण सापडेना आणि तेवढ्यात तिने अजून दोन हाणल्या.

कुठलं आधी वाचायचं हा प्रश्न मला आत्तापर्यंत दोघांनी विचारलाय. गोष्टीच्या क्रमाने बघितलं तर हे आधी येतं आणि हे स्वतंत्र वाचलं तरी अडत काही नाही. तरी माझं ऐकाल तर पहिलं आधी वाचा, जरी ते ठीकठाक असलं तरी. ते वाचलेलं नसेल तर मेली म्हणजे एक छान बेकर एवढंच राहील, आणि तिच्याबद्दल जे वाईट वाटायला हवं ते वाटणार नाही. आता हे जरा विचित्र आहे मान्य आहे, की ठीकठाक पुस्तक वाचा म्हणजे भारी पुस्तक अजून भारी लागेल. शिवाय पहिल्याच्या टॉरवाल्या आवृत्तीत शेवटी एक छोटी कथा जोडलीये, विव्ह आणि गॅलिना टोळीत असतानाची, ती वगळू नका. आणि हो, दुसरं झाल्यावर मी पहिलं परत चाळलं, तर यावेळी विव्ह तलवार भिंतीवर टांगते तिथे मी थांबले. पहिल्या वाचनात ते नुसतं दुकानाचं डेकोरेशन वाटलं होतं. दुकान भराभर चालतं ते अजूनही खटकतंच, पण ही बाई असल्या जागेसाठी वीस वर्षं थांबली आहे हे आता माहीत होतं, म्हणून थिंबलचे रोल पहिल्या फटक्यात जमले तरी या वेळी मी काही बोलले नाही.

ज्यांना पानापानावर काहीतरी घडायला हवं त्यांनी हे घेऊ नये, मधल्या भागात खरंच फारसं काही घडत नाही, गालिचा बदलतात यार. पण वाचायची सवय सुटलीये आणि परत लावायचीये अशांना मी हे डोळे झाकून देईन.

तिसरं पण आलंय, 'ब्रिगँड्स अँड ब्रेडनाइव्ज', २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि त्याची नायिका चक्क फर्न आहे. एका रात्री ती दारू पिऊन भलत्याच गाडीत जाऊन झोपते आणि जाग येते तेव्हा शहर मागे राहिलेलं असतं, गाडी एका नावाजलेल्या, एल्फ जमातीतल्या तलवारबाज बाईची. ताईने ते पन्नास पानांवर सोडलं, म्हणाली हे काही कोझी राहिलेलं नाही, तू नको वाचूस, तुला आवडणार नाही. तिच्या लॉजिकचा अनुभव असल्यामुळे मी त्याच रात्री सुरू केलं. फर्न नुकतीच शुद्धीवर आलीये आणि शिव्या सुरू झाल्यात.